राखून ठेवलेला हात

माझे पेशंट भराभर बरे होऊ लागले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

हे वाक्य उपचार करणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभत नाही, हे मला कळतं. पण ज्यांनी नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी घेण्याचा उपद्व्याप केला आहे ते मला नावं ठेवणार नाहीत. बाकीच्यांनी खुशाल ठेवावीत. मधल्या काळात मला इतक्या जणांनी नावं ठेवली की आणखी दोन-चारांनी ठेवल्याने माझं काही बिघडत नाही.

आधी मी काय करतो ते सांगतो. ते एका बैठकीत आजवर कुणालाही कळलेलं नाही, पण प्रयत्न करायला हरकत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हात मोडलेल्या, अर्धांगवायू झालेल्या, यंत्रात बोटं गेलेल्या माणसांना रोजची कामं पुन्हा आपली आपण करता यावीत, यासाठी मी झटतो. शर्टाचं बटण लावणं, कुलपात किल्ली फिरवणं, अंगावर न सांडता कपभर चहा पिणं. ही कामं येत असतात तोवर ती कामं आहेत असं कुणाला वाटतच नाही, आणि म्हणून ती शिकवणारा माणूस कुणाला महत्त्वाचा वाटत नाही. माझ्या खोलीत बटणं शिवलेला फळा, तऱ्हेतऱ्हेची कुलपं, कपड्यांचे चिमटे आणि मळायला रंगीत माती असते. दारातून डोकावणाऱ्याला वाटतं, रुग्णालयाने बालवाडी काढली. शेजारच्या फिजिओथेरपीच्या खोलीत मोठाली यंत्रं आहेत. ती आवाज करतात, म्हणून त्या खोलीला मान आहे.

लग्न जमवताना माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, वाटलं होतं की मी बेकार तरुणांना कामधंदा मिळवून देतो. एवढ्या पुण्यकर्मावर खूश होऊन त्यांनी मुलगी दिली. खरा प्रकार लग्नानंतर कळला तेव्हा ते म्हणाले की फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही, पण मूळ प्रस्तावात माहिती अपुरी होती. आप्पा सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. वरची मंजुरी आल्याशिवाय आपल्या टेबलावरून एकही कागद पुढे सरकला नाही, असं ते अभिमानाने सांगतात. त्या कचेरीत ज्यांची कामं होती ते लोक तीच गोष्ट वेगळ्या सुरात सांगतात.

पदवीचं खूळ माझ्या डोक्यात आपसूक शिरलेलं नाही. ते रुग्णालयाने परिपत्रक काढून घुसवलं. यापुढे विभागप्रमुखाला पदव्युत्तर पदवी हवी, नसेल तर जागा पदवीवाल्याला जाईल. आमच्या विभागात आम्ही दोघंच, मी आणि चिमणी. चिमणी म्हणजे माझ्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. तिच्या आवाजावरून पेशंटांनीच तिला हे नाव दिलं आहे. तिच्याकडे पदवी होती. आणि ती मनाने इतकी चांगली की प्रमुख झाले तरी सर, तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही, असं ती मला म्हणाली. त्यापेक्षा एखादा शत्रू परवडला. निदान त्याचा राग तरी मोकळेपणाने करता येतो.

तर मी विद्यापीठात अर्धवेळ प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं आणि सगळी मुलं उठून उभी राहिली. मी मान खाली घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तरी ती बसेनात. शेवटी शिकवणाऱ्या मॅडम आल्या आणि मला बघून त्याही क्षणभर दारातच थबकल्या. तपासणीला कुणी आलंय असं त्यांना वाटलं असावं. या मॅडम पुढे माझ्या मार्गदर्शक झाल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या दप्तर घेऊन शाळेत जात असणार. त्या मला सर म्हणायच्या, मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि दोघंही अवघडून भिंतीकडे बघायचो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत एका हाताने बटण कसं लावावं हे शिकवून दाखवायचं होतं. माझी उभी हयात बटणं लावायला शिकवण्यात गेली आहे. मला त्यात काठावर पास केलं, कारण मी पायऱ्या पुस्तकातल्या क्रमाने घेतल्या नव्हत्या. शेजारच्या बाकावरच्या मुलीने, काका पुढच्या वेळी अजून चांगलं होईल, अशी माझी समजूत काढली.

ही मानहानी गिळून मी प्रबंधाचा विषय ठरवला. मनगट मोडलं की ते काही आठवडे प्लास्टरमध्ये असतं. प्लास्टर निघाल्यावर हात इतका आखडलेला असतो की साधी मूठ वळत नाही. अशा माणसाला नुसते व्यायाम देण्याऐवजी पहिल्या दिवसापासून घरातली खरी कामं करायला लावली तर हात लवकर सुटतो का, हे मला बघायचं होतं. यात दोन अटी होत्या. पेशंटवर आधी कुठलेही उपचार सुरू झालेले नसावेत. आणि विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आल्याशिवाय मी अभ्यासासाठी एकाही हाताला हात लावू नये.

माझा प्रस्ताव आप्पांना वाचायला द्यायची चूक मी केली. सरकारी मसुद्यात त्यांचा हातखंडा म्हणून दिला. आप्पा लाल पेन घेऊन बसले आणि जेवायला उठेनात. त्यांनी माझं प्रत्येक 'शक्यतो' खोडून तिथे 'अनिवार्यपणे' लिहिलं. माझ्या साध्यासुध्या अटींना पोटकलमं फुटली. इतक्या वर्षांत माझ्या कामाविषयी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली, आणि मी मूर्खासारखा सुखावलो. जावईबापू, तुमच्या धंद्यात एवढी शिस्त आहे हे मला माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. ती शिस्त त्यांनीच नुकती घातली होती.

प्रस्ताव समितीकडे गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. इकडे पेशंटांची प्लास्टरं निघतच होती. आता आखडलेलं मनगट घेऊन आलेल्या बाईला, थांबा, माझी परवानगी यायची आहे, असं तोंड वर करून कसं सांगणार? ज्या दिवशी प्लास्टर निघतं त्या दिवसापासून हात हलवायला लागतो, नाहीतर तो आयुष्यभराचा रुसून बसतो. मग मी किंवा चिमणी मुकाट्याने उपचार सुरू करायचो, आणि प्रबंधाचा एक उमेदवार बाद व्हायचा. एक संगीत शिक्षिका होत्या. इतकी सुंदर, आदर्श, कडक मनगटाची केस मी पाहिली नव्हती. त्या पूर्ण बऱ्या झाल्या आणि जाताना त्याच हाताने मला दारातून टाटा केला. मी कोरडेपणाने हात हलवला. मागून चिमणी म्हणाली, सर, हसा तरी.

विद्यापीठात जाऊन चौकशी केली तेव्हा आवक-जावकच्या खिडकीतल्या बाईंनी अडचण समजावून सांगितली. समितीत डॉक्टर हवेत, वकील हवा आणि नियमाप्रमाणे एक सामान्य माणूस हवा. म्हणजे वैद्यकशास्त्राशी आणि विद्यापीठाशी काडीचा संबंध नसलेला, साध्या माणसाच्या नजरेने बघणारा. त्याच्याशिवाय बैठक वैध होत नाही. आधीचे सामान्य गृहस्थ मुलाकडे राहायला गेले आणि तेव्हापासून जागा रिकामी आहे. डॉक्टर पुष्कळ मिळतात, बाई म्हणाल्या, वकील तर नको म्हटलं तरी येतात, सामान्य माणूस मात्र मिळता मिळत नाही.

मला हसू आलं. आमच्या इमारतीत दुसरं आहे काय? घरी येऊन मी थेट समोरच्या विमेवाल्यांचं दार वाजवलं. विद्यापीठाची समिती म्हटल्यावर त्यांनी मला आत घेतलं, पंखा मोठा केला, चहा सांगितला. पद कुठलं, असं त्यांनी सहज विचारलं आणि मी सहज सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. सामान्य म्हणजे नेमकं कुठल्या अर्थाने, असं त्यांनी विचारलं. मी समजवायला गेलो आणि आणखी गाळात रुतलो. चहा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने जिन्यात माझ्या बायकोला गाठून, यांना कंपनीने कितीदा सन्मानचिन्हं दिली आहेत, ते एकेक करून सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र लगेच तयार झाल्या. नीतिमत्ता समिती हे नाव त्यांनी आधीच कुठून तरी ऐकलं होतं आणि माझं प्रकरण तिच्यापुढे आहे म्हटल्यावर त्या बरेच दिवस माझ्या बायकोकडे कणवेने बघत होत्या. त्यांची अट एकच होती, लोकांनी काय काय केलं ते सविस्तर ऐकायला मिळालं पाहिजे. इथे नुसते अर्ज वाचायचे असतात हे कळल्यावर त्यांचा उत्साह मावळला. माझ्यावरचा संशय मात्र तसाच राहिला.

अशातच आप्पा जिन्यावरून पडले. ही शेवटची पायरी, असं त्यांनी गृहीत धरलं आणि अजून एक होती. मंजुरीशिवाय गृहीत धरलेली त्यांच्या आयुष्यातली बहुधा ही एकच गोष्ट. मी धावत गेलो. उजवं मनगट वाकडं झालेलं बघताच माझ्या मनात पहिला विचार काय यावा, तर निकषात बसतंय. बायकोने हे वाचू नये अशी माझी इच्छा आहे. पण आप्पाही माझ्या पुढे होते. एक्स-रेच्या खोलीबाहेर, घामाने डबडबलेले, ओठ आवळून बसलेले आप्पा मला हळूच म्हणाले की तुमच्या प्रस्तावात रोजच्या वापरातला हात असं आहे, हा चालेल ना.

मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुमचे पेशंट असे निसटत राहिले तर एकाच माणसाचा सखोल अभ्यास करा. नातेवाईक असले तरी चालतील, फक्त मोजमाप चिमणीने करावं, तुम्ही नको. सुधारलेला प्रस्ताव गेला. तो लगोलग परत आला, कारण संमतिपत्रावरची आप्पांची सही ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नव्हती. उजवा हात प्लास्टरमध्ये, सही डाव्या हाताने केलेली, ती जुळणार कशी? खिडकीतल्या बाईंचं म्हणणं, मग उजव्याने करून आणा. मी म्हटलं, उजव्याने सही करता आली तर ते अभ्यासात बसणार नाहीत. बाई म्हणाल्या, आणि केली नाही तर संमतीत बसणार नाहीत. शेवटी आप्पांनी साक्षीदार, शपथपत्र आणि डाव्या अंगठ्याचा ठसा असा बंदोबस्त सुचवला, तेव्हा कुठे कागद आत गेला.

प्लास्टर निघालं. आप्पांचा हात सुजून तुकतुकीत झाला होता, बोटं ताठ. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजपासून हलवायला लागा, उशीर केलात तर हात असाच राहील. चिमणी रंगीत माती घेऊन पुढे आली. आप्पांनी हात मागे घेतला आणि शांतपणे विचारलं, मंजुरी आली का?

परवानगी आली नव्हती. आणि उपचार सुरू झाले तर पेशंट अपात्र ठरतो, हे कलम त्यांनीच लाल पेनाने अनिवार्य केलं होतं. आम्ही समजावलं, चिमणीने समजावलं, डॉक्टर रागावले. आप्पांचं उत्तर एकच. नियम म्हणजे नियम. मला वाटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, येईलच परवानगी. असं वाटून घेणं माझ्याही सोयीचं होतं.

मग आमच्या घरात तो हात पाहुण्यासारखा राहायला लागला. त्याच्यासाठी खुर्चीच्या हातावर वेगळी उशी. आप्पा त्याला इकडेतिकडे हलू देईनात. चुकून एखादं बोट वळलं तर चोरी पकडली गेल्यासारखे दचकायचे. बातमी इमारतभर झाली आणि लोक हात बघायला येऊ लागले. कुणी शेकायला सांगितलं, कुणी बर्फात बुडवायला सांगितलं. विमेवालेसुद्धा राग विसरून आले आणि त्यांच्या एका विमेदाराचा हात कसा कायमचा गेला ते अगदी रंगवून सांगून गेले. काकू तेलाची बाटली घेऊन चोळायलाच बसणार होत्या. आप्पांनी त्यांना थोपवलं. हा हात सध्या विद्यापीठाचा आहे, असं म्हणाले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की आता त्यांची पुरती खात्री पटल्याचं मला कळलं.

रोज सकाळी मी आप्पांच्या शर्टाची बटणं लावून द्यायला लागलो. हे तुम्हाला किरकोळ वाटेल. माझ्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. पेशंटच्या बायकोने त्याचं बटण लावायला हात पुढे केला की मी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतो. दहा वेळा चुकू द्या, घाम फुटू द्या, रडू द्या, पण लावू नका, असं सांगत मी म्हातारा होत आलो. आणि आता मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या सासऱ्यांपुढे वाकून, गळ्यापासून खालपर्यंत एकेक बटण लावत होतो आणि ते लहान मुलासारखी हनुवटी वर करून उभे राहत होते. मला त्या वेळी स्वतःची शरम वाटली. फार वाटली.

एका सकाळी बायको दारात उभी राहून बघत होती. ती एरवी तोंडाने फटकळ आहे, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला नाही.

"तुझ्या पदवीसाठी माझ्या वडिलांचा हात लाकूड होतोय," ती म्हणाली. "तू त्यांचं ऐकत असशील तर तू थेरपिस्ट कसला, तू त्यांच्या कचेरीतला कारकून आहेस."

मी तडक विद्यापीठ गाठलं. परवानगी नको, नकार द्या, असं खिडकीवर सांगितलं. लेखी नकार दाखवला असता तर आप्पांनी हात सोडला असता. बाई म्हणाल्या, नकार द्यायला बैठक लागते. बरं, मग मी अर्ज मागे घेतो. मागे घेतल्याची नोंद करायलाही बैठक लागते. मग बैठकीशिवाय तुम्ही करता तरी काय, असं मी विचारलं. त्या सरळ माणूस होत्या. प्रलंबित ठेवतो, असं म्हणाल्या.

फक्त एका गोष्टीला बैठक लागत नव्हती. प्रवेश रद्द करायला. ती खिडकी वेगळी, वातानुकूलित, आत बसायला खुर्ची आणि समोर हसतमुख तरुण. चहा घेणार का, असंही त्याने विचारलं. इतकी तत्परता मी त्या इमारतीत दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. मी बाहेर आलो तेव्हा मी विद्यार्थी नव्हतो, होणारा प्रमुखही नव्हतो. गळ्यातलं ओळखपत्र तेवढं काढून घ्यायचं ते विसरले होते.

घरी येऊन आप्पांसमोर बसलो आणि सांगून टाकलं. पदवी सोडली. अभ्यास नाही, समिती नाही, मंजुरीचा प्रश्न नाही. मला वाटलं होतं, ते सुटकेचा श्वास टाकतील. ते भडकले. त्यांना इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. कोणाच्या परवानगीने सोडलीत, असं त्यांनी विचारलं. मग एकदम ओसरले आणि उशीवरच्या हाताकडे बघत राहिले.

"जावईबापू, मी उभ्या नोकरीत लोकांची कामं अडवून ठेवली," ते म्हणाले. "नियमाने ठेवली, पण अडवलीच. तुमचं तरी एक काम माझ्यामुळे पार पडावं असं वाटत होतं. मला दुसरं काही करता येत नाही. थांबता येतं."

हा माणूस इतके दिवस दुखरा हात सांभाळत बसला होता तो हट्टाने नव्हे, माझ्यासाठी, आणि मी त्याला हट्टी म्हणत होतो. पण आमच्या घरात असं काही बोलायची पद्धत नाही. मी उशी काढून घेतली, त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि म्हटलं, आप्पा, आता दुखणार आहे. ते म्हणाले, चालू करा.

दुखलं. सरकारी नोकरीत राहून माणसाला इतक्या शिव्या येऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मूठ वळायच्या नावाने शून्य. दुसऱ्या दिवशी करंगळी जरा वाकली आणि त्यांनी माझ्या शिक्षणाचा, माझ्या रुग्णालयाचा आणि लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांचा उद्धार केला. मी आनंदाने ऐकून घेतला. बटणाला मी हात लावायचा नाही असं ठरलं होतं, त्यामुळे आप्पा शर्ट घालायला बसले की घरात सगळ्यांची खोळंबून बसायची पाळी. मी हात पाठीमागे बांधून उभा. बायको स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी. एकदा ती न राहवून पुढे आली, तेव्हा मी माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडलो, आणि ती चक्क मागे सरली. आमच्या संसारात असं पूर्वी झालं नव्हतं. बरेच दिवस गेले, पण एका सकाळी आप्पा बाहेरच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या शर्टाची सगळी बटणं लागलेली होती. एक चुकीच्या भोकात होतं. आम्ही कुणी ते सांगितलं नाही.

मधल्या काळात चिमणी प्रमुख झाली. दारावर तिच्या नावाची पाटी लागली. ती मला विचारल्याशिवाय खरंच काही करत नाही, त्यामुळे प्रमुखाची सगळी कामं मलाच करावी लागतात.

हात सुटल्यावर आप्पांनी त्याने पहिलं काय केलं असेल, तर विद्यापीठाविरुद्ध तक्रार लिहिली. इतरांचा नियमाने झालेला विलंब त्यांना मान्य होता, पण समितीत सभासदच नसणं हा त्यांच्या दृष्टीने नियमाचाच अपमान होता. अक्षर अजून थरथरत होतं, पण पोटकलमं खणखणीत होती. आम्ही सगळे हसलो. काही दिवसांनी उत्तर आलं. विद्यापीठाने दिलगिरी व्यक्त केली होती आणि तक्रारदार गृहस्थ वैद्यकशास्त्राशी संबंधित नसल्याने त्यांनीच सामान्य नागरिक म्हणून समितीवर यावं, अशी विनंती केली होती.

आप्पांनी ते पत्र मोठ्याने वाचलं आणि पुन्हा वाचलं. अधीक्षक झाले तेव्हाही ते इतके खुलले नसतील. सामान्य माणूस म्हणून त्यांची नेमणूक झाल्याचं कळताच विमेवाले आमच्याकडे येऊन, ते पद आधी आपल्यालाच देऊ केलं होतं, असं सांगून गेले. समितीचा कारभार धडाधड सुरू झाला. कित्येकांचे अडकलेले अर्ज सुटले. प्रत्येक बैठकीला आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून जात आणि बटणं स्वतः लावत.

हे बघून मला पुन्हा हुरूप आला. चिमणीनेच आग्रह केला, मॅडमनी फोन केला आणि नव्या वर्षी मी पुन्हा प्रवेश घेतला. वर्ग पुन्हा उठून उभा राहिला. प्रस्ताव तोच, पेशंट मात्र बाहेरचे. आता अडायचं कारण उरलं नव्हतं. समितीवर आपलाच माणूस होता.

माझा अर्ज बैठकीत यायचा त्या दिवशी मी सकाळपासून समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतून आधीचे विषय भराभर संपत असल्याचा आवाज येत होता. मग माझं नाव पुकारलं गेलं. दार उघडलं आणि आप्पा बाहेर आले. त्यांनी दार व्यवस्थित लावलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"तुम्ही बाहेर का आलात?" मी विचारलं.

"अर्जदार माझा जावई आहे. त्याच्या विषयाला मला आत बसता येत नाही. नियम आहे."

"पण आप्पा, तुमच्याशिवाय बैठक वैधच होत नाही."

"होय," ते समाधानाने म्हणाले. "ती नोंदही मीच करायला सांगून आलोय."

थोड्या वेळाने खिडकीतल्या बाई बाहेर येऊन सांगून गेल्या की माझा विषय पुढच्या बैठकीपर्यंत प्रलंबित ठेवला आहे. मी डोकं हातात धरून बसलो. रागवावं तर कुणावर, हेच कळेना. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि उजव्या हाताने माझ्या पाठीवर एक सणसणीत थाप दिली. मी कळवळलो. मनगट पूर्ण वाकलं होतं, बोटं सरळ आणि जोर पहिल्यासारखा, हे माझ्या पाठीला स्पष्ट कळलं. ती जागा संध्याकाळपर्यंत हुळहुळत होती आणि मला दिवसभर बरं वाटत होतं.